रक्त सांडल्यानंतरचे दोन भाग

हिंसक अ‍ॅनिमेवरचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांवरचा वाद दर वेळी एकाच जागी अडकतो. एक गट म्हणतो, नुसतं रक्त आणि किंकाळ्या, बाकी काही नाही. दुसरा म्हणतो, तुम्हाला त्यातली खोली कळलीच नाही. दोघंही रक्तच मोजत बसलेले असतात. मोजायचाच असेल तर रक्त सांडल्यानंतरचा वेळ मोजा. पात्र मेल्यावर पुढच्या दोन भागांत कोणाचं काय अडलं, कोण वेगळं वागायला लागलं, हे बघा. मालिकेत दम आहे की नाही ते तिथे कळतं.

(पुढे स्पॉयलर आहेत. ‘व्हिनलँड सागा’, ‘मेड इन अबिस’, ‘मॉन्स्टर’ किंवा ‘बर्सर्क’ बघायचं राहिलं असेल तर पोस्ट सेव्ह करून ठेवा.)

‘अकामे गा किल’ घ्या. २०१४ ची मालिका, २४ भाग. नायकाच्या टोळीतली शील सहाव्या भागात मरते, बुलाट आठव्यात. थोडी रडारड होते, सूड घ्यायची शपथ होते आणि लवकरच चेल्सी आणि सुसानू हे दोन नवे गडी रिकाम्या जागी हजर. मरणाआधी पात्राचं पूर्वायुष्य घाईघाईने उरकायचं ही तर या प्रकारातली ठरलेली युक्ती. दोन-तीनदा झालं की प्रेक्षक शहाणा होतो : फ्लॅशबॅक सुरू झाला म्हणजे हा आता जाणार. मग धक्का बसत नाही, हजेरी लागते.

आपल्याकडच्या रसशास्त्रात याला नेमके शब्द आहेत. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस; करुणाचा शोक. जुगुप्सा एका फ्रेममध्ये उभी करता येते. शोकाला आधी ओळख लागते आणि नंतर उणीव. अनेक मालिका जुगुप्सेवर थांबतात आणि आपण शोकापर्यंत पोचलो असं समजतात.

‘व्हिनलँड सागा’ इथेच वेगळी पडते. २०१९ चा पहिला सिझन विट स्टुडिओचा, २०२३ चा दुसरा ‘मापा’ स्टुडिओचा. दोन्ही २४ भागांचे, दिग्दर्शक तेच, शुहेई याबुता. पहिल्या सिझनमध्ये लढाया, लूट, कापाकापी सगळं आहे, पण त्यातला सर्वांत अंगावर येणारा भाग चौदावा. अ‍ॅस्केलाडची टोळी हिवाळ्यात एक अख्खं गाव मारून टाकते आणि आपण ते अ‍ॅन नावाच्या मुलीसोबत बघतो. चोरलेली अंगठी न्याहाळायला ती जंगलात गेलेली असते, म्हणून वाचते. चोरीबद्दल देव शिक्षा करील याची तिला धास्ती; आणि इकडे डोळ्यांदेखत एवढं घडूनही त्या माणसांवर काहीच कोसळत नाही. त्या क्षणी तिच्या मनात जे चमकून जातं ते शंभर तलवारींपेक्षा भयंकर आहे.

मग दुसरा सिझन. मालिकेचा नायक थोरफिन गुलाम म्हणून केटिलच्या शेतावर येतो आणि मालिका चक्क शेती करायला लागते. झाडं तोडणं, बुंधे मुळासकट काढणं, घोडा वापरायला मिळावा म्हणून म्हाताऱ्या स्वेर्केलची कामं करून देणं, गहू पेरणं. पुष्कळ प्रेक्षक कंटाळले, ‘फार्मलँड सागा’ म्हणून टिंगल झाली. मला तर मालिकेचा जीवच तिथे दिसतो. बुंधा काढायला काय लागतं हे शेतीतल्या माणसाला सांगायला नको. थोरफिनच्या आतलं काढायलाही तेवढाच वेळ लागतो. त्याच्या जोडीचा एनार लुटारूंच्या हल्ल्यात घरदार गमावलेला, आणि थोरफिन तसल्याच टोळीत वाढलेला. नवव्या भागात त्याने मारलेले सगळे स्वप्नात त्याच्यासमोर येतात. एवढं झाल्यावर, सिझनच्या शेवटाकडे, राजा क्नूटची भेट मिळावी म्हणून तो उलट हात न उगारता शंभर ठोसे खातो, आणि मला शत्रू नाहीत म्हणतो. बापाने लहानपणी सांगितलेली ती गोष्ट त्याला इतक्या वर्षांनी उमगलेली असते. मधली शेती गाळून हा प्रसंग बघा, बावळटपणा वाटेल.

‘मेड इन अबिस’चं गणित निराळं. तिथे नियम आधी सांगितलेला असतो : दरीत उतरताना काही होत नाही, वर चढताना शाप लागतो. वरच्या थरात मळमळ, चौथ्या थरात अंगभर वेदना आणि रक्तस्राव. दहाव्या भागात दरीत उतरलेल्या रिको या मुलीच्या हातात विषारी काटा घुसतो, तिचा सोबती रेग तिला वाचवायला वर नेतो, म्हणजे वाचवणंच तिला मारायला लागतं. मग ती स्वतःच त्याला हात मोडून कापून टाकायला सांगते. प्रसंग असह्य आहे, पण फुकटचा नाही. तिचा डावा हात पुढे पूर्वीसारखा राहतच नाही. या मालिकेत लहान मुलांची शरीरं ज्या नजरेने दाखवली आहेत ती मात्र मला कुठेकुठे खटकते, आणि खोलीच्या नावाखाली ते झाकू नये. बघणार असाल तर क्रम : २०१७ चा पहिला सिझन, मग २०२० चा सिनेमा, मग २०२२ चा दुसरा सिझन. सिनेमा गाळलात तर दुसऱ्या सिझनमध्ये धागा तुटतो.

‘टोकियो घूल’ची पहिल्या सिझनच्या शेवटी नायक कानेकीच्या छळाची रात्र गाजली. केस पांढरे झाले, पोस्टर झालं. पण २०१५ च्या दुसऱ्या सिझनने मांगाची (मूळ जपानी कॉमिकची) वाट सोडली आणि त्या रात्रीनंतर त्याच्या डोक्यात काय चाललंय हे बहुतेक बाहेरच ठेवलं. जखम दिली, रुग्णाला मात्र कोपऱ्यात बसवलं.

उलट ‘मॉन्स्टर’मध्ये ७४ भागांत रक्त फारसं नाही. त्यातला ग्रिमर किंडरहाइम ५११ या अनाथालयात वाढलेला. भावना ठेचून काढलेल्या, हसूसुद्धा शिकून घेतलेलं. पोटचा मुलगा गेला तेव्हाही त्याला रडता आलं नव्हतं. मरताना कुठे त्याला ते दुःख जाणवतं. हा क्षण घाईने मिळत नाही. दीडपट वेगाने बघणाऱ्यांना तर नाहीच.

माझ्या मोजमापाला आव्हान देते ती १९९७ ची ‘बर्सर्क’. २५ भाग, आणि नायक गट्सच्या साथीदारांचा बळी जातो त्या ‘ग्रहणा’च्या भीषण प्रसंगाशीच मालिका संपते. नंतरचा वेळ शून्य, तरी छातीवरचा दगड हलत नाही. याचं उत्तर पहिल्याच भागात आहे : एक डोळा मिटलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंड, एकटा हिंडणारा गट्स. नंतरचं सगळं आधीच दाखवून ठेवलंय आणि पुढचे चोवीस भाग आपण तिथपर्यंत चालत येतो. शेवटचा भाग संपला की पहिला पुन्हा लावा. तेव्हाच तो खरा दिसतो.