रिस्टोअर मारा आणि निश्चिंत व्हा

अपडेटनंतर ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला? अभिनंदन. गेलेले दिवस माणसाला परत मिळत नाहीत, तुमच्या मशिनला मिळतात. मशिनला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारी ही विंडोजमधली सोय म्हणजे सिस्टम रिस्टोअर, २००० सालच्या ‘विंडोज मी’ (Me) या आवृत्तीपासून आहे. इतकी वर्षं मुरलेल्या सोयीवर शंका घेणं बरं दिसत नाही. गेल्या आठवड्यात मी स्वतः ही यात्रा करून आलोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐकून घ्या.

आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाका. तिकिटाचं पोर्टल त्याच बंद पडलेल्या मशिनवर उघडतं, एवढं मनाला लावून घेऊ नका.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे परत जाण्यासाठी जपलेल्या मशिनच्या जुन्या स्थिती, आहेत की नाहीत, हे आधीपासून बघून ठेवायची घाई नको. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘सिस्टम प्रोटेक्शन’ पुष्कळदा मुळातच बंद असतं, म्हणजे पॉइंट तयारच होत नाहीत. हे कळायला मशिन बसल्यानंतरचा मुहूर्तच उत्तम.

पॉइंट सापडलेच तर ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ हे बटण दाबू नका. कोणते प्रोग्रॅम आणि कोणते ड्रायव्हर उडणार हे ते आधीच सांगून टाकतं. मग मजा काय राहिली?

चुकून डिलीट झालेली एक्सेल फाइल परत आणायलाही रिस्टोअर जरूर वापरा. रिस्टोअर तुमच्या फायलींना हातच लावत नाही, त्यामुळे ती येणार नाही. पण दुपार छान जाते.

आता मुख्य विधी. ‘एकदा सुरू केलं की थांबवता येणार नाही’ अशी ताकीद येते, तिला हो म्हणा आणि गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसा. मी दीड तास बसलो. मग कळलं की रिस्टोअर पूर्ण झालं नाही, काहीही बदललेलं नाही. खाली आकडा, ०एक्स८००७०००५. अर्थ, परवानगी नाकारली. कुणाला, तर विंडोजला. कुठे, तर विंडोजच्याच घरात! बहुतेक वेळा हा अडवणारा अँटिव्हायरस असतो. माझ्याकडेही तोच होता. तो ऑफिसनेच बसवलेला, बंद करायचा पासवर्ड ऑफिसकडेच आणि पासवर्डवाला फोनवर मला विचारतोय, “सर, रिस्टार्ट करून बघितलं का?” तीनदा केलं रे बाबा. “एकदा परत करून बघा ना.” केलं. “मग सेफ मोडमध्ये जाऊ या.” म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करायचं. गेलो, तर दारात बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, उभा. ४८ आकडी रिकव्हरी की द्या म्हणे. ती पण त्यांच्याचकडे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट त्याने फोनवर वाचले, मी टाइप केले, पाचव्या गटात फोन कटला. पुन्हा लावला तर दुसराच माणूस. “सर, रिस्टार्ट करून बघितलं का?”

शेवटी सेफ मोडमध्ये रिस्टोअर झालं, कारण तिथे अँटिव्हायरस आडवा आला नाही. पॉइंट ४५ दिवसांपूर्वीचा. “जुना घ्या सर, सेफ राहील.” घेतला. मशिन सुरू झालं, लॉगिनला पासवर्ड टाकला, तर उत्तर आलं की या कॉम्प्युटरचं आणि डोमेनचं विश्वासाचं नातं तुटलंय.

नातं तुटलंय! डोमेन म्हणजे ऑफिसचं नेटवर्क. त्यावर प्रत्येक मशिनचा स्वतःचा एक पासवर्ड असतो आणि एरवी तो दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. ४५ दिवस मागे गेलेलं मशिन जुना पासवर्ड सांगतं आणि सर्व्हर त्याला ओळख देत नाही. बरं, सेफ मोडमध्ये केलेलं रिस्टोअर मागेही फिरवता येत नाही.

हे मला माहीत नसणं समजू शकतो, मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. पण आयटीवाल्यांनो, तुम्हाला माहीत नाही? अहो, तुमचं कामच हे आहे! मशिन हातात देताना प्रोटेक्शन चालू करायला दोन मिनिटं लागत नाहीत. डोमेनवरच्या मशिनला जुना पॉइंट सुचवण्याआधी तारीख बघायला पाच सेकंद लागत नाहीत. अँटिव्हायरस आडवा येतो हे तुम्हाला रोज दिसतं, तर तो आधी तुम्ही थांबवायचा की मी दीड तास ठिपके मोजायचे? समोरचा अडाणी आहे असं धरून ‘रिस्टार्ट करा’ म्हणणं सोपं आहे. कागद समोर ठेवून एकेक पायरी तपासायला मात्र कुणी बसत नाही. आणि आपणही कमी नाही. महिनाभराचं काम डेस्कटॉपवर ठेवायचं, दुसरी प्रत कुठेच नाही, आणि मशिन बसलं की रिस्टोअरच्या नावाने बोटं मोडायची. मीही तेच केलं. लाज वाटते.

काल संध्याकाळी फोनवर मेल आली: ‘आपले तिकीट निकाली काढले आहे. कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.’ देणार आहे. लिंक ऑफिसच्या लॉगिननेच उघडते. आधी ते होऊ द्या.