२४ पोर्ट म्हणजे सगळं सारखंच नसतं हो!

कारखान्याचं आयटी मी बघतो. मागणीपत्रात मी स्वच्छ लिहिलं होतं: २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचा, सेटिंग करता येणारा डबा), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) पाहिजे, स्पॅनिंग ट्री (वायरींचा लूप झाला तर तो तोडणारी सोय) पाहिजे, पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज) बजेट किमान ३७० वॅट. परचेसच्या साहेबांनी '२४ पोर्ट' तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं खोडलं. मला न विचारता. "ह्यातबी चोवीस, त्यातबी चोवीस, मग डबल पैसे कशाला घालायचं की ओ?" झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या मुख्य रॅकमध्ये अनमॅनेज्ड डबा येऊन बसला.

आणि काल दुपारी, एक्स्पोर्टचा कंटेनर भरत असताना, सगळं आडवं! डिस्पॅचमध्ये टेबल आवरताना कुणाला तरी लोंबणारी पॅच कॉर्ड दिसली. दुसरं टोक तिथल्याच छोट्या स्विचमध्ये होतं. यानं हे टोकही शेजारच्या मोकळ्या पोर्टात खोचलं. लूप! इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, आयपी पॅकेटसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर संपायचं तो आकडा) नसतो, त्यामुळे ती आपणहून मरत नाही. गरगर फिरते, तिच्या प्रती निघत राहतात. बारकोड स्कॅनर बंद, ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) बंद, कॅमेरे बंद, हजेरीचं मशीनसुद्धा बंद. रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला, तोच हा स्पॅनिंग ट्री; १९९० पासून तो आयईईई या संस्थेच्या मानकात आहे. मी मागितलेल्या स्विचवर बीपीडीयू गार्ड (लूप दिसताच तेवढं पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावला असता तर डिस्पॅचचं एक पोर्ट बंद पडलं असतं आणि लॉगमध्ये त्याचा नंबर दिसला असता. बाकी कारखाना चालू! या डब्याला लॉग नाही, आयपी नाही, विचारायचं कुणाला? मी एकेक वायर उपटत बसलो, खिशात फोन कोकलतोय, "नेट गेलं का?", आणि वरून मालकांचा निरोप, "राउटर बंद करून चालू करा." अहो, राउटरचा काय संबंध!

एका मागावर ताणा तुटला तर तो माग थांबतो, शेजारचा चालूच राहतो. हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळतं त्यांना व्हीलॅन कळत नाही? जुन्या स्विचवर कॅमेरे वेगळे, ऑफिस वेगळं, डिस्पॅच वेगळं ठेवलं होतं मी. या डब्यानं सगळ्यांना एकत्र कोंबलं.

तो जुना स्विच तरी का मेला? सर्व्हर रूमचा एसी काढून केबिनला लावला म्हणून. सोलापूरचा मे, बाहेर चाळिशीच्या वर, बंद रॅकमध्ये त्याहून जास्त, पंख्यात सुताची तूस. माहितीपत्रकावर कमाल तापमान छापलेलं असतं, ते कुणी वाचायचं?

पीओईचंही तेच. एका पोर्टला १५.४ वॅट, २४ पोर्ट, गुणाकार करा. आलेल्या डब्यात त्याच्या निम्मेही वॅट नाहीत. रात्री कॅमेऱ्यांचे आयआर (अंधारात बघायचे) दिवे लागले की लोड वाढतो आणि कॅमेरे एकामागून एक रीस्टार्ट होतात. नेमके रात्री! गेटची केबल ठेकेदारानं शंभर मीटरच्या पुढं ओढलीय, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. बिल मात्र शुद्ध तांब्याचं, आणि ते पासही झालं.

राउटर घेताना पुण्याहून आलेले सेल्सवाले तर माझं डोकंच फिरवतात. कागदावर मोठ्ठा थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा जातो तो आकडा). तो मोठ्या पॅकेटवर, सगळं बंद ठेवून मोजलेला. व्हीपीएन आणि फिल्टरिंग चालू करून किती राहतो ते सांगा म्हटलं की चहा मागवतात. लायसन्स संपल्यावर डबा चालणार की थांबणार, याचंही उत्तर लेखी देत नाहीत.

पण हे सगळं गिळलं असतं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये परचेसचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नवीन स्विच घेऊन दिला तरी आयटीला नेटवर्क सांभाळता येईना." ज्या माणसानं ती ओळ खोडली, तो बोलतोय हे! कंटेनर उशिरा गेला तो माझ्या नावावर लागला.

आज सकाळी तेच मागणीपत्र परत दिलंय, शब्द न बदलता. खाली एक रकाना वाढवलाय. जो कुणी यातली ओळ खोडेल त्यानं त्या ओळीसमोर सही करायची आणि आपला मोबाईल नंबर लिहायचा. रात्री गेटवरून वॉचमनचा फोन त्या नंबरवर जाईल.