दिवे घाटातला एक फसलेला फोटो

पुण्याहून सासवडकडे जाताना माउलींची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा वरच्या वळणावर उभे राहिले की खालून येणाऱ्या दिंड्या, भगव्या पताका आणि पांढऱ्या टोप्यांचा लोंढा एका नजरेत मावतो. फोटो काढणाऱ्यांची तिथे दरवर्षी झुंबड उडते आणि काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत मीही होतो. दिवसभरात सहाशेच्या आसपास फोटो काढले. रात्री घरी येऊन ते संगणकावर उघडले आणि ज्या एका फोटोसाठी मी तीन तास पावसात उभा राहिलो होतो, तोच पाहून पुरता हिरमोड झाला.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी आणि त्यांच्या मागे घाटातून नागमोडी वर येणारी पताकांची ओळ, असा तो फोटो माझ्या मनात होता. पडद्यावर जे दिसले त्यात वरचा निम्मा भाग पांढुरक्या आभाळाने व्यापला होता, आजींचा चेहरा काळवंडला होता, वारकऱ्यांचे शुभ्र कपडे निळसर आणि मळकट वाटत होते आणि उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला एक टेम्पो अर्धवट कापला गेला होता.

तरीही मी तो फोटो इथे, आपल्या ग्रुपवर टाकला. "अप्रतिम", "क्या बात है", "राम कृष्ण हरी" अशा प्रतिक्रिया आल्या आणि त्यांमागच्या आपुलकीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. एका गृहस्थांनी "एवढा महागडा कॅमेरा घेऊन हेच काढायचे का?" असे विचारले, ते मात्र बरेच दिवस मनाला लागून राहिले. पण फोटो कुठे फसला, हे कौतुकातूनही कळले नाही आणि त्या टोमण्यातूनही कळले नाही.

ते कळले एका काकांच्या फोनमुळे. त्यांची उमेदीची वर्षे फिल्मच्या काळातल्या स्टुडिओत, डार्करूमच्या म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीच्या लाल दिव्याखाली गेली आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा फोटो तू कशासाठी काढलास?" मी पाच मिनिटे बोलत राहिलो. आजींच्या मानेवरचा ताण, ओल्या लुगड्याचा काठ, मागून येणारा टाळ-मृदंगाचा गजर, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे सगळे तुझ्या आठवणीत आहे. मला आधी टेम्पो दिसला, मग आभाळ दिसले आणि आजी सगळ्यांत शेवटी दिसल्या."

स्वतःच्या फोटोकडे पाहताना आपण त्या चौकटीत नसलेल्या कितीतरी गोष्टी पाहत असतो. त्या दिवसाचा पाऊस, थकवा आणि आनंद आपण आपल्या नकळत फोटोत भरून घेतो, आणि मग तो मनातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून निराश होतो. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र फक्त चौकट असते. म्हणून आपली नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडखळली, एवढे जरी पाहणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, तरी ती फार मोठी मदत असते. त्यासाठी छायाचित्रणाचे शिक्षण लागत नाही. माझ्या आईने एकदा माझ्या एका निसर्गचित्राबद्दल "इथे काहीतरी टोचतंय" असे म्हणून बोट ठेवले, तेव्हा तिथे विजेची एक तार होती आणि ती मला तोवर दिसलीच नव्हती.

काकांचे बोलणे डोक्यात ठेवून मी ती फाइल पुन्हा उघडली. प्रथम क्रॉप केला, म्हणजे नको असलेल्या कडा कापल्या. टेम्पो आणि वरचे अर्धे आभाळ गेले, आडव्या फोटोचा उभा झाला आणि आजी मध्यापासून थोड्या डावीकडे आल्या. निम्मे काम तिथेच झाले, असे मी आजही मानतो.

नंतर उजेडाकडे वळलो. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. त्यामुळे चौकटीत उजळ आभाळ आणि पांढरे कपडे भरपूर असले की ते एकूण उजेड कमी करते, पांढरे करडे पडते आणि चेहरे अंधारात जातात. सुदैवाने मी फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्ये घेतला होता. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणूनच सावलीत दडलेला तपशील बराचसा वर काढता येतो. मी एक्स्पोजर म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा थोडा वाढवला, हायलाइट्स म्हणजे सर्वांत उजळ भाग खाली आणले आणि ढगांचे पदर दिसू लागले. जिथे ढगाआडून सूर्य डोकावत होता, तेवढा तुकडा मात्र कोरा पांढराच राहिला, कारण तिथे सेन्सरने काही टिपलेच नव्हते आणि न टिपलेले कोणताही स्लायडर परत आणू शकत नाही. ढगाळ उजेडाचा निळेपणा घालवण्यासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेला रंगांचा तोल, ५,२०० वरून ६,००० केल्विनवर नेला, तेव्हा कपडे कपड्यांसारखे आणि पताका भगव्या दिसू लागल्या.

चेहऱ्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. फक्त चेहऱ्यापुरता मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागू होईल अशी निवड करून, तो उजळ करायला गेलो आणि भान न राहता इतका उजळ केला की आजी गोऱ्या दिसू लागल्या. ती प्रत काकांना पाठवली, तर त्यांचे उत्तर आले, "उन्हात चालून रापलेली कातडी आहे ती. तिचा रंग बदलू नकोस, तिच्यावर उजेड पाड." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. लग्नाच्या अल्बमपासून मोबाईलच्या फिल्टरपर्यंत सगळीकडे आपण माणसांना सरसकट गोरे करत सुटलो आहोत आणि त्यालाच सुधारणा म्हणतो, याचे मला मनापासून दुःख होते. मी मास्कची तीव्रता निम्म्यावर आणली. सुरकुत्या परत आल्या, कपाळावरचा बुक्का परत आला आणि चेहरा पुन्हा त्यांचा झाला.

एडिटिंग म्हणजे फसवणूक, असे म्हणणाऱ्यांना मी आदरपूर्वक सांगू इच्छितो की डार्करूममध्येही हेच चालत असे. प्रिंट काढताना कागदाचा एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे आणि दुसऱ्या भागाला जास्त उजेड देऊन तो गडद करणे, ही डॉजिंग-बर्निंगची कला डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. पियानोवादक होण्याची तयारी करता करता छायाचित्रकार झालेले अँसल अॅडम्स निगेटिव्हला संगीतकाराने लिहिलेल्या स्वरलिपीची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा जो प्रसिद्ध फोटो आहे, त्याच्या प्रिंट ते पुढे कित्येक वर्षे नव्याने काढत राहिले आणि उत्तरोत्तर त्यातले आभाळ अधिकाधिक काळे होत गेले.

पण मर्यादा आहेच. हल्ली एका क्लिकवर टेम्पो पुसून तिथे आणखी चार वारकरी उभे करता येतात. वारीचा फोटो हा माझ्या दृष्टीने दस्तऐवज आहे, त्यामुळे तिथे नसलेला माणूस त्यात येता कामा नये. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत २०१५ साली अंतिम टप्प्याच्या आधीच्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो फेरफारांमुळे बाद झाले होते. टेम्पो चौकटीबाहेर ठेवणे ही निवड झाली. टेम्पो नव्हताच असे भासवणे मला पटत नाही.

प्रत्येक फोटो वाचतो असेही नाही. त्याच वारीतला रिंगणात धावणाऱ्या अश्वाचा फोटो मी १/६० सेकंदाला, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर तेवढा वेळ उघडे ठेवून घेतला होता. अश्वही हलला, माझा हातही हलला आणि शार्पनिंग म्हणजे कडांची धार वाढवल्यावर पुसट कडांभोवती पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटल्या. काकांनी तो पाहून सांगितले, "हा सोडून दे, पुढच्या वेळी १/१००० ला घे." अभिप्राय देताना हा फरक करायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. "खाली बसून काढायला हवा होता" ही सूचना पुढच्या फोटोसाठी मोलाची आहे, पण हाती असलेल्या फोटोला तिचा उपयोग नाही. म्हणून मी आता कोणाच्या फोटोवर लिहिताना आधी काय धरून ठेवावे ते लिहितो, मग आज बसल्या जागी काय बदलता येईल ते, आणि पुढच्या वेळच्या गोष्टी अगदी शेवटी. नवख्या मुलांच्या फोटोवर टोमणे मारणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कृपया थांबा. अशा एका वाक्यानंतर कॅमेरा कपाटात ठेवून दिलेली दोन मुले माझ्या ओळखीची आहेत.

सोबत मूळ फोटो आणि आताची प्रत, दोन्ही जोडले आहेत. शक्यतो मोबाईलचा ब्राइटनेस वाढवून पाहावेत. पताकांच्या ओळीच्या वरचे ढग मला अजूनही जरा जड वाटतात आणि ते आजींवरून नजर खेचून घेतात की काय, अशी शंका आहे. तुमची नजर आधी कुठे गेली, तेवढे लिहा.