गरम सॅलड वाट बघत नाही

सोमवार माझा सुट्टीचा वार. सोमवारी रात्री आठ वाजता मी घरी, टेबलाशी बसून, गरम गरम जेवते. बातमी एवढीच आहे. पण हॉटेलच्या किचनमध्ये १८ वर्षं काढलेल्या बाईसाठी ती मोठी आहे, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

गेलं वर्षभर या सोमवारच्या ताटात बहुतेक वेळा गरम सॅलड असतं. फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. सॅलड गरम कसं असेल, आणि डाएट सुरू केलंस का? दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. पहिल्याचं उत्तर लांब आहे, कारण ते माझ्या नोकरीत गुंतलेलं आहे.

मी दादर कॅटरिंगची. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलने सुरू केलेलं ते कॉलेज. म्हणजे या देशातलं हॉटेलचं रीतसर शिक्षण ज्यांनी उभं केलं त्यांत बायका पुढे होत्या. हे मला तिथे शिकताना फार आवडायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र आम्ही तीन मुली एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये उभ्या होतो. दोघींना बेकरीत पाठवलं, मला कोल्ड किचनमध्ये. "हॉट रेंजवर मुली टिकत नाहीत," असं सिनियरने सांगितलं, आणि विषय संपला. हॉट रेंज म्हणजे शेगड्यांची, गरम पदार्थांची बाजू. आम्ही प्रयत्न करून पाहिला असता आणि जमलं नसतं, तर गोष्ट वेगळी. आम्हाला कुणी विचारलंच नाही. त्या वाक्याचा राग मला अजून आहे आणि तो असू दे असंच वाटतं.

कोल्ड किचनला आमच्या भाषेत गार्ड मांजे. सॅलड, सँडविच, कापलेली फळं, बुफेचे थंड पदार्थ. सकाळी आल्या आल्या क्रेटच्या क्रेट पानं निवडायची, क्लोरीनच्या पाण्यात बुडवायची, मग बर्फाच्या पाण्यात, मग कोरडी करून वॉक-इनमध्ये. वॉक-इन म्हणजे खोलीएवढा फ्रिज, आत चार अंश. डिसेंबर असो की मे, माझी बोटं दुपारपर्यंत बधिर. सहा वर्षं मी तिथे होते, आणि हेही सांगते की पानाशी कसं वागायचं ते मी तिथेच शिकले. ओलं पान ड्रेसिंग धरत नाही. मीठ लागलं की पान पाणी सोडायला लागतं. पान हाताने तोडायचं की सुरीने कापायचं हे त्या पानावर ठरतं. हॉट रेंजवर गेलेल्या पुष्कळ चांगल्या स्वयंपाक्यांना हे येत नाही, कारण त्यांना पानाजवळ थांबायला कुणी लावलेलंच नसतं.

मग एका वर्षी मेन्यूवर गरम सॅलड आलं. भाजलेला लाल भोपळा, अरुग्युलाची तिखटसर पानं, वरून कोमट ड्रेसिंग. कागदावर अगदी साधा पदार्थ. प्रत्यक्षात तो दोन सेक्शनचा. भोपळा हॉट रेंजवर, पानं माझ्याकडे. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आली की मी ओरडायची, "भोपळा कितीत?" पलीकडून उत्तर, "दोन मिनिटं!" त्या मुलाच्या पुढ्यात सहा स्टेक असायचे, त्याची दोन मिनिटं पाच व्हायची. मी पानांना ड्रेसिंग लावून बसले असेन तर ती तोवर मेली. मी थांबले आणि भोपळा आधी आला, तर तो पासवर, म्हणजे तयार प्लेट वेटरने उचलायच्या काउंटरवर, पडून गार. रोज संध्याकाळी त्या एका प्लेटवरून भांडण. वर्षभरात ते सॅलड मेन्यूवरून गेलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मला मात्र वाईट वाटलं. ज्या दिवशी दोन्ही हात एका क्षणी जुळायचे त्या दिवशी ती प्लेट अप्रतिम असायची. पान खालून नरम, वरून अजून ताठ, आणि भोपळ्याच्या वाफेने त्याचा वास उघडलेला.

बुफेत तर हा पदार्थ ठेवूच नये या मताची मी आहे. आमच्या कामाचा पहिला नियम असा की अन्न एक तर ५ अंशांच्या खाली ठेवा नाही तर ६० च्या वर. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. आणि गरम सॅलड जगतं ते नेमकं मधेच. चाळीस-पंचेचाळीस अंशांना ते सगळ्यात चांगलं लागतं. बुफेत ते दिव्याखाली ठेवलं की पानांची भाजी होते, दिव्याखालून काढलं की धोक्याच्या पट्ट्यात बसून राहतं. हा पदार्थ साठवता येत नाही, धरून ठेवता येत नाही. केला की दहा मिनिटांत पोटात गेला पाहिजे. म्हणून माझं ठाम मत आहे, हॉटेलपेक्षा तो घरी चांगला होतो. घरी दोन्ही सेक्शन एकाच बाईच्या किंवा बाप्याच्या हातात असतात, आणि खाणारी माणसं सहा फुटांवर.

आता करायचं कसं. माझं सगळ्यात लाडकं सांगते, बटाटा आणि समुद्रमेथीचं.

मुंबईबाहेरच्यांसाठी: समुद्रमेथी म्हणजे वाळूत वाढवलेली बोटभर मेथी, बारीक पांढरी देठं, वर दोन-दोन पानं, लहान लहान जुड्या करून विकतात. मुळं कापून टाका आणि चार-पाच पाण्यांतून काढा, वाळू फार चिवट असते. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. हे काम सगळ्यात आधी.

बटाटे लहान, पातळ सालीचे. सालासकट, गार पाण्यात घालून उकळायला ठेवा, पाणी चांगलं खारट करा. कुकर नको, फुटतात. सुरी सहज आत गेली की झाले. हे उकळतं पाणी फेकू नका, ज्या बोलमध्ये सॅलड करणार आहात त्यात ओता. हॉटेलात गरम प्लेटसाठी वेगळं कपाट असतं, घरी हे पाणी पुरतं. गार बोल पदार्थाची अर्धी ऊब पहिल्या मिनिटात खाऊन टाकतो.

बटाटे रिकाम्या गरम पातेल्यात मिनिटभर परत ठेवा, अंगावरचं पाणी उडू द्या. मग हात भाजेल इतके गरम असतानाच दोन तुकडे करा, बोल पुसून त्यात टाका आणि लगेच लिंबू पिळा. लिंबू आधी, तेल नंतर. या एका गोष्टीसाठी मी ट्रेनी मुलांच्या मागे लागते. गरम बटाटा आंबट आणि खारट आत ओढून घेतो. तेल आधी घातलं की त्याचा लेप बसतो आणि लिंबू बाहेरच घसरत राहतं. दक्षिण जर्मनीत बटाट्याचं सॅलड गरम असतानाच व्हिनेगर आणि सूप घालून करतात, तिथेही हेच चाललेलं असतं. फ्रान्समधल्या लियॉं शहराच्या सॅलडमध्ये कडवट पानांवर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आणि कोमट व्हिनेगरचं ड्रेसिंग पडतं, वर पोच केलेलं, म्हणजे फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं. आपली मेथी त्या पानांइतकीच मानी, कडवट आहे. तिला गरम तेल सोसतं.

ड्रेसिंगला मी फेसलेली मोहरी घेते. परदेशी मोहरीच्या बाटलीची गरज नाही. चमचाभर मोहरी थोड्या पाण्याबरोबर वाटून, खूप फेसून, दहा मिनिटं ठेवा. झणका नाकात जाईल. मोहरीमुळे तेल आणि लिंबू एकमेकांना धरून राहतात, तळाशी वेगळे होत नाहीत. पण तिला विस्तवावर न्यायचं नाही, झणका उडून जातो. तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, त्यात आठ पाकळ्या लसूण काप करून, मंद आचेवर. काप सोनेरी व्हायच्या किंचित आधी गॅस बंद, कारण तेलाच्या उष्णतेने पुढचा रंग येतोच. एक सुकी मिरची मोडून घाला.

आता माणसांना टेबलाशी बोलवा. माणसं बसल्यावर पुढचं. बटाट्यांवर मोहरी, मेथी, भरडलेले शेंगदाणे (कूट नको, ते सगळं ड्रेसिंग पिऊन टाकतं), वरून लसणासकट गरम तेल. दोन्ही हातांत चमचे घेऊन दोनदा खालून वर. तिसऱ्यांदा नाही.

भोपळ्याचं कराल तेव्हा ओव्हन नसला तरी चालेल, बिडाचा तवा त्याहून चांगला. फोडी कोरड्या, एका थरात, मधे जागा सोडून. गर्दी केली की त्या पाणी सोडतात आणि त्या पाण्यातच शिजत बसतात. पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या वर जात नाही आणि खमंग रंग त्याच्या बराच वर येतो. आणि कृपा करून गरम सॅलडसाठी आइसबर्ग लेट्यूसच्या गड्ड्यावर पैसे घालवू नका, त्यात पाणीच फार. कोवळा लाल माठ घ्या, कोवळा पालक घ्या, मुळ्याची आतली पानं घ्या.

मोड आलेली मटकी तर गरमच करा. मोडांसाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते, त्यामुळे कच्ची खाण्यापेक्षा पाच मिनिटं वाफवलेली मला घरच्यांसाठी जास्त बरी वाटते.

"अगं, मग ही कोशिंबीरच झाली की," असं आई पहिल्यांदा म्हणाली होती. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कोशिंबिरीवर फोडणी गरम पडते, पण खालचं सगळं गार असतं, आणि तिला अर्धा तास मुरलेलं चालतं. वांग्याचं भरीतही निवलं तरी त्याला काही कमीपणा येत नाही. खरं नातं सांगायचं तर ते गोव्याच्या किसमूरशी. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, कुरकुरीत भाजायची, कांदा-खोबरं तयार ठेवायचं, आणि ताटं वाढल्यावरच कालवायचं. आधी कालवलंत तर मऊ पडून गेलं. तिथेही जेवणाऱ्यांनी आधी बसायचं असतं.

इथेच माझी खरी तक्रार येते. ज्यांच्या हातून लोकांना गरम जेवण मिळतं ते स्वतः कसे जेवतात, पाहिलंय कुणी? मी अनेक वर्षं भांडी धुण्याच्या सिंकशेजारी उभी राहून, स्टीलच्या बोलमध्ये भातावर सगळं एकत्र ओतून, चार मिनिटांत जेवले आहे. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी दहा ते तीन, मग साडेसहा ते रात्री साडेअकरा. मधले साडेतीन तास घरी जायला अपुरे आणि बसून काढायला जास्त. लॉकर रूममध्ये पुठ्ठा पसरून झोपणारी मुलं मी रोज बघायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली गेली. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालची दुसरी, झाले होते. त्याआधी ते मला एकाही वरिष्ठाने सांगितलं नव्हतं.

आता मी एका लहान रेस्टॉरंटचं किचन चालवते. तिथे संध्याकाळी साडेपाचला सगळे बर्नर बंद होतात आणि आम्ही अकराजण पंचवीस मिनिटं खुर्च्यांवर बसून जेवतो. मालकांना हे पटवायला दोन महिने लागले. मिझाँ, म्हणजे चिरण्या-निवडण्याची पूर्वतयारी, आधी संपवावं लागतं, म्हणून सकाळची मुलं अर्धा तास लवकर येतात आणि दुपारी अर्धा तास लवकर सुटतात. हॉट रेंजवर आमच्याकडे दोन मुली आहेत. त्यातली एक मला पूर्वीच्या त्या सहा स्टेकवाल्या मुलापेक्षा कितीतरी चोख वेळ सांगते. ती दोन मिनिटं म्हणाली की दोनच.

या व्यवसायात येणाऱ्या पोरांना मी स्वप्नं दाखवत नाही, पण घाबरवतही नाही. काम अंगमेहनतीचं आहे, आणि ते सुंदर आहे. पण शेफने उपाशी, उभ्याने, गार जेवणं म्हणजे निष्ठा, ही समजूत आपण मोडायला हवी. स्वतः गरम घास न खाणाऱ्याची जीभ हळूहळू मरते. माझी मरत चालली होती. एका टेस्टिंगला मीठ जास्त झालंय हे मला कळलं नाही, तेव्हा मी घाबरून सुट्टीचा वार मागून घेतला.

माझ्या ब्रेक शिफ्टच्या वर्षांत मी शेवटच्या गाडीने घरी यायचे तेव्हा ओट्यावर झाकलेलं ताट असायचं. आई आवाजाने उठायची, गरम करून देते म्हणायची, मी नको म्हणायचे आणि तसंच गार खाऊन झोपायचे. आता ती ७२ वर्षांची आहे. परवा सोमवारी मुलगी आतून ओरडली, "पाच मिनिटं!" मी म्हटलं, नाही, मेथी हातात आहे, आत्ता ये. ती ओल्या केसांनी येऊन बसली. नवऱ्याने फोन उलटा ठेवला. आई तर केव्हाच खुर्चीत होती, हातात पोळीचा तुकडा घेऊन. बटाटे संपल्यावर तिने त्याच तुकड्याने बोलच्या तळाचं लसणाचं तेल पुसून घेतलं, आणि अजून एक पोळी मागितली.