‘शहराचं नियोजन तज्ज्ञांवर सोडा’ या मजकुराला नागपुरातून उत्तर

नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: ऊन, पूर, हवामानबदल हे तज्ज्ञांचे विषय आहेत, वस्त्यावस्त्यांत बैठका घेणं म्हणजे वेळेचा अपव्यय, पूर येतो तो नाल्याकाठच्या झोपडपट्ट्यांमुळे, आणि लोकांचं ऐकायला नगरसेवक आहेतच. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी झोपडपट्ट्यांचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. या काही झोपडपट्ट्या नाहीत. तलावाचा बांध १८७० चा. सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक मात्र अलीकडचं. ते पाण्याच्या वाटेत येतं, असं सांगत रहिवासी उच्च न्यायालयात गेले. जे सांगायला कोर्टात जावं लागलं, ते बांधकामाआधी त्यांना विचारता आलं असतं. नाल्यांवर अतिक्रमणं आहेत, हे मी नाकारत नाही. पण पाणी पहिल्यांदा कुठून चढतं, हे तिथे राहणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

उन्हाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. ही नोंद सावलीतल्या तापमापकाची असते. टिनाच्या छताखालची खोली रात्री किती वाजता निवते, कूलरमध्ये टाकायला पाणी उरतं का, वीज गेली की म्हातारी माणसं कुठे जाऊन बसतात, हे त्या आकड्यात येत नाही. उन्हाळ्यात दुपारी शहरातल्या काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, दुचाकीवाल्याला उन्हात थांबावं लागू नये म्हणून. चांगलीच सोय आहे. मग सकाळपासून ठिय्यावर काम मिळायची वाट पाहणाऱ्या मजुराच्या सावलीचं काय? शेड कुठे हवी, पाण्याचा नळ कुठे हवा, हे तोच सांगेल. तज्ज्ञ हवेतच, शेडची उंची, छताचा रंग, पाण्याचा उतार ते ठरवतील. पण प्रश्न कोणता सोडवायचा, हे ठरवताना मजूर खोलीबाहेर आणि आपण आत, याला मी न्याय म्हणणार नाही.

नगरसेवकांबद्दल एवढंच: मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेवर प्रशासक होते, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक नव्हतेच. २०२३ चा पूर त्याच काळातला.

राहिला वेळेचा प्रश्न. बैठकांना वेळ लागतो, भांडणंही होतात. रुंद रस्ता सगळ्यांना हवा असतो, आपल्या कंपाउंडची भिंत मागे घ्यायला कुणी तयार नसतं. तरी पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली, त्याने शहर थांबलं नाही. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाले आणि पावसाचं पाणी अंगणात, पुढे घरात येऊ लागलं. गल्लीतल्या कुणालाही आधी विचारलं असतं, तर पातळीचा हा प्रश्न तेव्हाच निघाला असता.

आराखडा छापून झाल्यावर हरकती-सूचना मागवण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात आहेच. पण तोवर रेषा आखून झालेल्या असतात. म्हणून पहिली बैठक कोऱ्या नकाशावर व्हावी, प्रभागातच, मजुरांना जमेल अशा संध्याकाळच्या वेळी. २०२३ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, त्या खुणा लोकांनी स्वतः नकाशावर कराव्यात आणि त्यानंतरच अभियंत्यांनी नाल्याची रुंदी ठरवावी.