टिपण वाचायला शाळेतच शिकवा

गावाकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. सातबारा काढून मोबाइलमध्ये जपून ठेवता, चांगलंच आहे. पण जमिनीच्या मापाबद्दल त्यावर फक्त क्षेत्र कळतं. बांध कुठून कुठे जातो हे बघायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीत शेताची आकृती आणि मापं टिपलेला कागद, काढावं लागतं.

आणि ते हातात आल्यावर शिकलेली माणसंही अडतात. त्यावर ना फूट, ना मीटर. आकडे साखळी-आण्यांत. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. आकृती हाताने काढलेली, प्रमाणात नसते, त्यामुळे पट्टी ठेवून काहीच हाती लागत नाही. आकडेच वाचायला हवेत. (विदर्भ-मराठवाड्यातली जुनी मोजणी वेगळ्या राजवटींतली, तिथलं तिथल्या जाणत्यांना विचारा.)

एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच गुंठा. असे ४० झाले की एकर. इंग्लंडमधली गंटरची साखळी ६६ फुटांची, आपली तिच्या बरोबर निम्मी. क्रिकेटची खेळपट्टीही २२ यार्ड, म्हणजे ६६ फूटच. मुलांना मैदानावर न्या, खेळपट्टीच्या निम्म्या लांबीचा चौरस फक्कीने आखा. गुंठा केवढा असतो हे ती पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

‘आर म्हणजे गुंठाच हो’ असं व्यवहारात सर्रास म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. फरक किरकोळ वाटतो, पण एकर म्हणून ४० आर पदरात घेतलेत तर सुमारे ५०० चौरस फूट गेले. शहरात तेवढ्यात एक कुटुंब राहतं.

आता रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जमीन मोजणारी यंत्रं आलीत, मग जुनं कशाला शिकायचं, असं कुणी म्हणेल. रोव्हर अचूक मोजतो, हे मान्य. पण हद्द मुळात कुठे ठरली होती हे यंत्राला कुठून कळणार? त्यासाठी मोजणीदारालाही जुन्या कागदांकडेच वळावं लागतं. आपली जमीन मोजली जात असताना आपणच त्या कागदापुढे अडाणी राहायचं, हे मला फार लागतं. भावाभावांत बांधावरून जन्माचं वैर धरलं जातं, आणि दोघांपैकी एकानेही टिपण उघडून पाहिलेलं नसतं.

माध्यमिक शाळेत त्रिकोण आणि समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ शिकवतातच. जुन्या मोजणीदारांनी शेतं याच गणिताने मोजली आणि तो हिशेब गुणाकार बुकात लिहून ठेवला. पुस्तकातल्या काल्पनिक शेताऐवजी गावातल्याच एखाद्या नंबरचं टिपण मुलांना गणित म्हणून द्या. उत्तर गुणाकार बुकाशी ताडून पाहू द्या. गणिताच्या शिक्षकांनो, यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट बघू नका, येत्या सत्रातच करून बघा.