मॉलमध्ये म्हाताऱ्यांचं काय काम?

आज सकाळी आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "आईबाबा पहिल्यांदाच येताहेत, डॅलसमध्ये त्यांना कुठे कुठे न्यावं?" मी लिहिलं, नॉर्थपार्कला ने. मिनिटभरात खाली उत्तर आलं, "मॉलमध्ये म्हाताऱ्यांचं काय काम? त्यांना काही घ्यायचं नसतं. आणि मॉल सगळे सारखेच, डॅलस काय नि ह्यूस्टन काय." त्यावर धडाधड अंगठे. मी तिथे काही बोलले नाही, कारण ग्रुपवर दोन ओळींच्या वर कुणी वाचत नाही. इथे लिहिते.

सगळे सारखे? मी आधी ह्यूस्टनला राहिले, आता डॅलसजवळ प्लेनोत राहते, नणंद अटलांटाला, भाऊ मायामीला. या चारही शहरांतले मोठे, महागडे मॉल मी आईला बरोबर घेऊन पाहिलेत. घेणाऱ्याला सगळीकडेच खुर्ची मिळते, पाणीही विचारतात. काही न घेणाऱ्या माणसाला आत किती मानाने वावरता येतं, हे बघायचं असतं. आणि त्यात या शहरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझी आई मिरजेची. सकाळी उठून चालून येणारी, येताना भाजी आणणारी, वाटेत चार जणींशी बोलणारी. ती आमच्याकडे आली ती ऐन जुलैत. बाहेर १०० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपले ३८-४० अंश. आमच्या सबडिव्हिजनमध्ये फुटपाथ आहे, पण सावली नाही, आणि चालत जावं असं एकही दुकान नाही. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं समर कॅम्पला. संध्याकाळी घरी यावं तर आई पुढच्या खिडकीशी उभी. "मला काही कंटाळा येत नाही गं" हे तिचं ठरलेलं वाक्य. ज्यांच्या आया इथे राहून गेल्यात त्यांना त्याचा अर्थ मी सांगायला नको.

अशात एका शनिवारी तिला नॉर्थपार्कला नेलं. आईच्या बांगडीत कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, तुमच्याही आयांच्या असतील. आत थोडं चालल्यावर समोर माणसाच्या कितीतरी पट उंच, निळ्या डोक्याची, उघडलेली सेफ्टी पिन उभी. क्लेस ओल्डनबर्ग आणि कूशा व्हान ब्रुगन या नवरा-बायकोचं ते शिल्प आहे. आई थांबलीच. तिने बांगडीतली एक पिन काढली, उघडली, वर धरून समोरच्या पिनेशी ताडून बघितली आणि म्हणाली, "उघडी का ठेवलीय? मिटून ठेवायला सांग त्यांना, कुणाला तरी टोचेल." शेजारच्या बाकावर एक अमेरिकन आजी बसल्या होत्या. त्यांनी आईच्या हातातली पिन पाहिली आणि सरकून जागा दिली. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. तरी दोघी चांगल्या अर्धा तास बसल्या. आईने पदर कुठे आणि कसा टाचतात तेही करून दाखवलं. देवळातली माणसं सोडली तर त्या अख्ख्या उन्हाळ्यात माझ्याशिवाय आणि जावयाशिवाय आई एखाद्या मोठ्या माणसाशी इतका वेळ बोलली ती तेव्हाच.

आणि हे काही आपोआप घडत नाही, कुणीतरी तसं ठरवून बांधावं लागतं. रेमंड नॅशर नावाच्या माणसाने १९६५ साली कापसाच्या शेतावर हा मॉल उभा केला. दुकान कितीही मोठ्या नावाचं असो, भिंतीला तीच पांढरी वीट, ही त्याची अट. आणि स्वतःच्या संग्रहातली शिल्पं आणून त्याने येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवली. बोरोफ्स्कीचे हातोडा मारणारे काळे उंच पुरुष, मार्क डी सुवेरोचं दोन मजले व्यापणारं नारिंगी पोलाद. पुढे २००३ मध्ये त्याच्या संग्रहासाठी डाउनटाउनमध्ये नॅशर स्कल्पचर सेंटर झालं. तिथे तिकीट काढावं लागतं, मॉलमध्ये फुकट. मॉल अजूनही त्याची मुलगी आणि जावई चालवतात. आत पाण्यात बदकं आणि कासवं आहेत, फरशीला उतरत्या कडांची झाडांची मोठी कुंडकी आहेत आणि डॅलसमधल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून घसरगुंडी खेळत मोठ्या झाल्यात. तिथे एका बाजूला नीमन मार्कस हे महागडं दुकान, जे १९०७ मध्ये याच शहरात सुरू झालं, आणि दुसऱ्या बाजूला मेसीज, आपल्यासारख्यांना परवडणारं. तीस डॉलरचा शर्ट घेणारा आणि तीन हजारांची पर्स घेणारी एकाच वाटेने जातात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ह्यूस्टनवाल्यांनो, थांबा, तुमच्याकडे येतेच. गॅलेरिया मोठा आहे, टेक्ससमधला सगळ्यात मोठा मॉल आहे, कबूल. जेराल्ड हाइन्सने १९७० मध्ये मिलानच्या गॅलेरियावरून तो बेतला. वर काचेची कमान, खाली बर्फाचं मैदान. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा आणि आत पोरं बर्फावर स्केटिंग करताहेत. आईला ते बघायला आवडलं, वरच्या मजल्याच्या कठड्याला टेकून ती बराच वेळ बघत होती. पण टेकून! बसून नाही. गॅलेरिया भाग जोडत जोडत वाढवत नेलाय, त्यामुळे या टोकाहून त्या टोकाला जाताना गुडघे दुखणाऱ्या माणसाची दमछाक होते. बाहेरच्या वेस्टहायमर रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल तर बोलायलाच नको. मात्र एक गोष्ट ह्यूस्टनची: तिथे माणसं छान नटूनथटून, सगळं कुटुंब घेऊन येतात, आज्यांसकट. मेक्सिकोहून खास खरेदीला आलेली घरंच्या घरं दिसतात. तिथे साडी नेसलेल्या आईकडे कुणी वळून बघितलं नाही. आणि तिथून गाडीने थोड्याच अंतरावर हिलक्रॉफ्ट, महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट. दागिने, साड्या, चाट, सगळं. डॅलसच्या मॉलशेजारी असं काही नाही, हे मला मान्य करावंच लागेल.

अटलांटाचे लेनॉक्स आणि फिप्स हे मॉल मला कधीच आपले वाटले नाहीत. लेनॉक्स १९५९ चा, फिप्स १९६९ चा, दोन्ही बकहेड या श्रीमंत भागात समोरासमोर, आणि आज दोन्ही एकाच कंपनीचे. समोरासमोर असून मधला रस्ता असा, की म्हाताऱ्या माणसाला घेऊन ओलांडायचा धीर होत नाही. गोळीबाराच्या घटनांनंतर लेनॉक्सने २०२१ मध्ये नियम केला, दुपारी तीननंतर अठराच्या आतल्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत प्रवेश नाही. भीती खरी होती, ते समजतं. पण शाळा सुटते त्याच वेळेला मुलांना दार बंद, हे काही मला पटत नाही. म्हातारे नकोत, मुलं नकोत, मग हवंय कोण? फक्त कार्ड? फिप्स तर संगमरवर आणि लाकूड लावून इतका शांत केलाय की आपल्याच चपलांचा आवाज येतो. अटलांटाच्या बाजूने एकच गोष्ट, पण ती मोठी: लेनॉक्सशेजारी मार्टाचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं स्टेशन आहे. नणंद डिकेटरला राहते. फाइव्ह पॉइंट्सला गाडी बदलून आम्ही आईला घेऊन ट्रेनने गेलो. कुणी गाडीतून सोडायला नको, आणायला नको. आईचा चेहरा मिरज जंक्शनवर असतो तसा झाला होता. डॅलसने हे शिकावं.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहितेच. यातल्याच एका शहरात, नाव घेत नाही, एका भारी दुकानात भाचीसाठी स्कार्फ बघत होते. आई दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. तिथली बाई आली आणि आईला नाही, मला म्हणाली, या खुर्च्या ग्राहकांसाठी आहेत. माझ्या हातात स्कार्फ होता हो! आईला शब्द कळले नाहीत, पण ती लगेच उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चल, मला काही नकोय इथलं." मी स्कार्फ ठेवून दिला. आजही लिहिताना हात थरथरतोय. त्याच बाईने अर्ध्या तासापूर्वी दुसऱ्या एकीच्या कुत्र्याला पाणी ठेवलं होतं, वाडग्यात. म्हणून "म्हाताऱ्यांचं काय काम" हे आपल्याच माणसांकडून ऐकलं की माझा तोल जातो. ती बाई परकी होती. तुम्ही कोण आहात?

मायामीबद्दल मन जरा निवतं. बॅल हार्बर शॉप्स नॉर्थपार्कच्याच सालचं, १९६५. स्टॅनली व्हिटमनने ते उघड्यावर बांधलं: माडाची झाडं, माशांची तळी, रस्त्यापलीकडे समुद्र. दर चौरस फुटामागे विक्रीत देशात पहिल्या रांगेतलं म्हणून त्याचं नाव घेतात. सुंदर आहे, खरंच सुंदर आहे. पण ऑगस्टमध्ये दुपारी तिथे सत्तरीच्या बाईने फिरावं तरी कसं? गाडी लावायलाही पैसे. त्यापेक्षा ॲव्हेंचुरा मॉल बरा, १९८३ चा, बंदिस्त, गार, आणि बाहेर कार्स्टन होलरचा ९३ फुटी घसरगुंडीचा मनोरा. माझी मुलं त्यावरून खाली आली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले होते.

खरी धास्ती पुढची आहे. आता दक्षिणेत जे जे महाग नवं बांधतात ते सगळं उघड्यावर. ह्यूस्टनचं रिव्हर ओक्स डिस्ट्रिक्ट, अटलांटाचं बकहेड व्हिलेज, मायामीचं डिझाइन डिस्ट्रिक्ट, ऑस्टिनचं डोमेन. म्हणे गावातल्या बाजारपेठेसारखं वाटतं. आमच्याकडचं हायलंड पार्क व्हिलेज तसं १९३१ पासूनच आहे, स्पॅनिश कौलं, पांढरे मनोरे, राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता. बघायला जरूर जा, नोव्हेंबरात. जुलैत तिथे गाडीतून उतरायचं आणि समोरच्या दुकानात शिरायचं, एवढंच. आणि मधल्या दर्जाचे, आपल्यासारख्यांचे, छप्पर असलेले मॉल मात्र एकेक करून गेले. आमच्या प्लेनोचा कॉलिन क्रीक १९८१ मध्ये उघडला, २०१९ मध्ये बंद झाला. डॅलसचा व्हॅली व्ह्यू पाडला. अटलांटाजवळचा ग्विनेट प्लेस ओस पडला. म्हणजे गार हवेत, सपाट फरशीवर, रस्ता न ओलांडता म्हाताऱ्या माणसाने तासभर चालावं अशा जागा आता बऱ्याचशा महागड्या मॉलमध्येच उरल्यात. म्हणून त्यांचं बरंवाईट बोलायला हवं, श्रीमंतांची चैन म्हणून सोडून देऊन चालणार नाही.

लायब्ररी आहे की, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. आहे. गार आहे, फुकट आहे, आमच्या लायब्ररीत मराठी पुस्तकंही थोडीफार आहेत. पण तिथे चालता येत नाही आणि मोठ्याने बोलता येत नाही. देवळात जा, असंही कुणी म्हणेल. आई देवळात जायचीच. पण देवळात तिला फक्त आपलीच माणसं भेटायची. लेकीने एवढा देश निवडला, तर त्या देशातली माणसं जवळून बघायची तिची इच्छा होती आणि ती तिने मला बोलून दाखवली होती.

आता गुडघ्यांमुळे आई येत नाही. फोनवर मात्र विचारते, "ती पिन मिटली का?"

या उन्हाळ्यात शनिवारी सकाळी मी नॉर्थपार्कला जाणार आहे. प्लेनो, फ्रिस्को, ॲलनकडच्या ज्यांच्या आई, सासूबाई, वडील घरी एकटे असतात त्यांनी मेसेज करा. गाडीत तीन जागा आहेत. मेसीजच्या बाजूला गाडी लावते. बूट चालायचे घालायला सांगा, आत एसी जोरात असतो म्हणून एक शाल द्या, आणि व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशी कळवा.